भंडाऱ्यावर हात ठेवून आणलेला आरोपी

हा लेख मी बरीच वर्षं टाळत आलो. या अंकाचे संपादक मी निवृत्त झाल्यापासून दर गणपतीत घरी येतात, चहा घेतात आणि म्हणतात, "कुटे, यंदा परराज्यातून आरोपी आणायच्या गोष्टी लिहा." मी हो म्हणतो आणि दुसरंच काहीतरी पाठवून देतो. एका वर्षी उसात सापडलेल्या बिबट्याच्या बछड्यांवर लिहिलं, एका वर्षी यात्रेच्या बंदोबस्तावर, एका वर्षी नारायणगावात तमाशाच्या राहुटीत लागलेल्या भांडणावर. लोकांना आवडलं. हवालदार विनोदी लिहितात, असंही कानावर आलं. विनोदी लिहिणं मला सोपं जातं. जे सांगायचं नसतं ते त्यात बेमालूम गाळता येतं.

परराज्यातून माणूस आणणं हे मात्र माझं खरं काम. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो आणि बहुतेक नोकरी जुन्नर-आंबेगावातच झाली. ज्या ठाण्यातली ही गोष्ट आहे त्याचं नाव लिहीत नाही. तिथे आता नवी माणसं आहेत, त्यांचा यात काही संबंध नाही.

आमच्या पिंपरी पेंढारच्या चौकात चहाचं दुकान आहे. तिथे टीव्ही चालू असतो. परदेशात पळालेल्या कुणा मोठ्या माणसाची बातमी लागली की सगळे माझ्याकडे बघतात.

"काय राव हवालदार, तुमी राजस्थानातून आठवड्यात माणूस उचलून आणायचे. ह्यांना एक माणूस आणायला इतकी वर्षं कशी काय लागत्यात?"

मी सांगतो की ती दोन वेगळी कामं आहेत. राजस्थान, बिहार, कर्नाटक हे सगळं एकच देश. कायदा एक, वरचं कोर्ट एक. त्यामुळे एका राज्याला दुसऱ्या राज्याकडे माणूस मागावा लागत नाही. आम्ही वरिष्ठांची परवानगी घ्यायची, तिथल्या ठाण्यात जाऊन वर्दी द्यायची, त्यांचा एखादा शिपाई बरोबर घ्यायचा आणि माणूस ताब्यात घ्यायचा. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. तेवढ्या वेळात आपल्या कोर्टात पोचता येणार नसेल तर तिथल्याच कोर्टात हजर करून प्रवासापुरती कोठडी मागायची. तिला ट्रान्झिट रिमांड म्हणतात. माणूस तिकडे आधीच तुरुंगात असेल तर आपल्या कोर्टाचं वॉरंट दाखवून तो वर्ग करून घ्यायचा. झालं.

देशादेशांत तसं नसतं. तिथे आपल्या पोलिसाला कुणी विचारत नाही. दोन सरकारांत करार लागतो. आपण ज्याला गुन्हा म्हणतो तो त्यांच्याकडेही गुन्हा असावा लागतो. कागद दिल्लीहून जातात, मग तिथलं कोर्ट त्या माणसाचं म्हणणं ऐकतं, तुमचे तुरुंग कसे आहेत, तिथे पंखा आहे का, हेसुद्धा विचारतं. माणूस वरच्या कोर्टात जातो. वर्षं जाणारच.

"म्हंजी नवरीवाल्यांनी घरदार बघून घ्यावं तसं," असं एकदा दुकानदार म्हणाला. तसंच म्हणा.

आमच्या कामात घरदार बघायला कुणी येत नव्हतं, पण माणसं मात्र खूप बघायला मिळाली. बिहारच्या बाजूचा एक मोबाइलचोर आम्ही रेल्वेने आणत होतो. कोर्टाच्या परवानगीशिवाय बेडी घालता येत नाही, हे बाहेरच्या लोकांना माहीत नसतं. बेडी नाही म्हटल्यावर आरोपीला खिडकीकडे बसवायचं आणि आपण जागं राहायचं, एवढाच इलाज. दोन दिवसांच्या प्रवासानंतर भर दुपारी माझा डोळा लागला. शेजारचा शिपाई माझ्या आधीच झोपला होता. कुणीतरी खांदा हलवला. बघतो तर आरोपी. "उठिए साहब, दौंड आ गया. आपका स्टेशन निकल जाएगा." आमच्या दोघांच्या चपलासुद्धा त्याने बाकाखालून काढून पुढे ठेवल्या होत्या. पळाला का नाहीस, असं मी त्याला नंतर विचारलं. म्हणाला, "दौंड में उतर के जाता किधर? मराठी आती नहीं."

परक्या मुलखात माणूस कसा शोधायचा हे मला कुठल्या साहेबाने शिकवलं नाही. ते शिकवलं नारायणगावच्या शांतीलालशेठनी. कापडाचं दुकान, घराणं मूळचं राजस्थानातलं, पण शेठ बोलायला आमच्यापेक्षा जास्त नारायणगावचे. त्यांच्या गावाकडे एक आरोपी आणायला निघालो तेव्हा ते म्हणाले, "हवालदार, गावात शिरल्या शिरल्या घराला येढा घालू नका. बाया आडव्या येतील, दगडं येतील. आधी त्या घरातला सगळ्यात म्हातारा माणूस गाठा. त्याच्यापुढं खाली बसा. खुर्ची दिली तरी बसू नका. तो म्हातारा म्हणला जा, तर पोरगं आपणहून जीपमध्ये बसतंय."

तसंच झालं. पुढे तीच माझी पद्धत झाली. माणूस ओढून आणायचा नाही, घरच्यांनी हवाली करायला हवा. आहुप्याच्या देवराईत लपलेला आपल्याच तालुक्यातला माणूस शोधता शोधता माझ्या नाकी नऊ आले होते, पण परराज्यातून मी कधी रिकाम्या हाताने परतलो नाही. जिल्ह्यात माझं नाव झालं. 'कुटेंना पाठवा, ते गोडीने आणतात,' असं साहेब लोक म्हणायचे. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू, अजूनही थोडा आहे.

आता मुद्द्यावर येतो. दोन वर्षांपूर्वी त्याच चहाच्या दुकानात एक वकील बसले होते. टीव्हीवर तशीच बातमी चालू होती. कुणीतरी म्हणालं, "एकदा आणला की मग हाणा त्याच्यावर शंभर केसी." वकील म्हणाले, "तसं नाही करता येत. ज्या गुन्ह्यासाठी मागून आणला त्याच गुन्ह्याचा खटला चालवायचा. दुसरा गुन्हा लावायचा तर ज्यांनी माणूस दिला त्यांना परत विचारावं लागतं. दिलेला शब्द मोडला तर पुढच्या वेळी कोण माणूस देईल?"

"म्हंजी सरकारंबी शबूद घेत्यात व्हय," दुकानदार म्हणाला.

मी कप खाली ठेवला आणि घरी निघून आलो. इतकी वर्षं या कामात काढून हा नियम मला माहीत नव्हता. राज्याराज्यांत तो नाहीच, मग माहीत असायचं काही कारणही नव्हतं. पण कर्नाटकातल्या एका म्हाताऱ्याने, कधी कोर्टाची पायरी न चढलेल्या, माझ्याकडून अगदी हाच शब्द मागून घेतला होता. आणि मी तो दिला होता.

माझ्या निवृत्तीला चार-पाच वर्षं राहिली असतील. उसाचा हंगाम चालू होता. पारगावच्या रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर संध्याकाळी कडेला उभा होता. ट्रॉलीला मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही. दूध घालून परतणारा एक मोटारसायकलवाला मागून त्यावर आदळला आणि जागीच गेला. लोक जमले. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर मार खायच्या भीतीने उसात शिरला आणि तिथून जो पळाला तो थेट कर्नाटकात, भीमेकाठच्या आपल्या गावी. मल्लाप्पा त्याचं नाव. पंचविशीचा. गेलेल्या माणसाच्या भाऊबंदांनी रस्ता अडवला, वरून फोन आले, आणि साहेबांनी मला बोलावलं. "कुटे, दोन दिवसांत तो ड्रायव्हर मला इथे पाहिजे."

मी आणि जीपवरचा ड्रायव्हर शेख, असे दोघे निघालो. शेख जुन्नरचा. आमची जोडी जुनी होती. तो गाडी चालवायचा, मी माणसं पटवायचो. तिथल्या ठाण्यातून एक शिपाई बरोबर घेतला आणि सकाळी गावात पोचलो. शांतीलालशेठच्या शिकवणीप्रमाणे मल्लाप्पाचं घर विचारलं नाही, त्याच्या बापाचं विचारलं.

बापाचं नाव सिद्धाप्पा. गावात सगळे त्याला अप्पा म्हणत. घरासमोरच्या कट्ट्यावर बसला होता. डोक्याला पटका, कपाळावर भंडाऱ्याचा पिवळा मळवट. त्या बाजूच्या लोकांना मराठी येतं, पण ते सगळ्यांनाच अरे-तुरे करतात. त्यात अपमान नसतो. मी जमिनीवर बसलो.

"खाली का बसलास? पोलीस आहेस की पावणा?" त्याने विचारलं.

"तुम्ही ठरवा अप्पा."

तो हसला. तोवर गाव गोळा झालं होतं. पाच-पन्नास माणसांनी जीपला गराडा घातला. आमच्याबरोबरचा शिपाई त्याच तालुक्यातला, तो हळूच बाभळीखाली जाऊन उभा राहिला. गर्दीतला एकजण कायदा जाणणारा निघाला. तो म्हणाला, "अप्पा, पोराला आधी आपल्या कोर्टात उभं करायला सांग. अपघाताला जामीन हक्काचा असतो, इथंच मिळतोय. मग तारखेला आपण घेऊन जाऊ."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. तिथल्या मॅजिस्ट्रेटने जामीन देऊन टाकला असता आणि मी रिकाम्या हाताने परतलो असतो. मी अप्पाला सांगितलं की आमचं कोर्ट दिवसाच्या अंतरावर आहे, इथे थांबायची गरज नाही. मी स्वतः पोराला नेतो, उद्याच आमच्या कोर्टात उभा करतो, तिथेही जामीन होतोच. पळाला म्हणून लोक चिडलेत, आपणहून आला तर शांत होतील. हे सगळं खरं होतं. मी त्या घटकेला एक अक्षर खोटं बोललो नाही.

अप्पाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ड्रायव्हरच्या हातून माणूस मरतोय. पाप आहे, पण ते होतंय. त्याचं नाव पोराला लागू दे, मी नको म्हणत नाही. दुसरं कुठलं नाव लावणार नाहीस न्हवं? मागच्या साली आमच्या गावचा एक पोरगा तुमच्या पुण्याकडे एका भांडणात धरला. परत आला तो पाच चोऱ्यांचा चोर होऊन. पोरगं मी एका गोष्टीसाठी देतो. तेवढंच विचार. जास्त नको."

"नाही विचारणार अप्पा. शब्द देतो."

"शब्द तू देशील. तू कुठल्या देवाचा?"

"खंडोबाचा. आमचा वडजचा खंडोबा."

"आमचा मल्लय्या. तोच की मग," असं म्हणून तो घरात गेला आणि तांब्याच्या ताटलीत भंडारा घेऊन आला. ताटली माझ्यापुढे धरली. सगळं गाव बघत होतं. ज्यांच्या घरात खंडोबा आहे त्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. भंडाऱ्यावर हात ठेवून दिलेला शब्द मोडला तर त्याचं फळ मोडणाऱ्याच्या पोराबाळांना भोगावं लागतं, अशी आमची समजूत आहे. कोर्टात लोक सर्रास खोटी शपथ घेतात. भंडाऱ्यावर घेत नाहीत.

मी हात ठेवला. म्हणालो, "अपघाताशिवाय दुसरं काही विचारणार नाही, लावणार नाही."

अप्पाने घराकडे तोंड करून हाक मारली आणि मल्लाप्पा बाहेर आला. अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून. म्हणजे आतून सगळं ऐकत होता. बापाच्या पाया पडला आणि जीपमध्ये बसला. शांतीलालशेठ म्हणाले होते तसंच.

सोलापूर सोडल्यावर आम्ही जेवायला थांबलो. मल्लाप्पा हात धुवायला गेला तेव्हा शेख म्हणाला, "हवालदार, शपथ कायको घेतली?"

"त्याशिवाय गाव सोडत न्हवतं. आणि खोटं काय त्यात?"

"खोटं न्हाई. पर शब्द द्यायला आपला शब्द आपला लागतो ना. आपण साहेबांच्या हाताखालची माणसं. उद्या साहेब म्हणतील तो आपला शब्द."

मी त्याला म्हणालो, तू गाडी चालव.

दुसऱ्या दिवशी मल्लाप्पाला कोर्टात हजर केलं आणि अपघातात जामीन मंजूर झाला, जामीनदाराअभावी तो सुटला मात्र नव्हता. इथपर्यंत मी शब्दाचा पक्का राहिलो. कोर्टातून ठाण्यात आलो तेव्हा साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. त्या हिवाळ्यात नदीकाठच्या पाण्याच्या मोटारी चोरीला जात होत्या. आज याची, उद्या त्याची. पिकं तहानलेली, शेतकरी रोज ठाण्याच्या पायरीवर. एकही चोरी उघडकीला आली नव्हती.

"कुटे, हा ड्रायव्हर सगळा हंगाम नदीकाठीच होता ना? ट्रॅक्टर जवळ. परराज्यातला. वरून पळून गेलेला," साहेब म्हणाले. "काय म्हणता?"

त्यांनी हुकूम दिला नव्हता, हे मला आज लिहायलाच हवं. त्यांनी मला विचारलं होतं. काय म्हणता, असं विचारलं होतं. साहेब, याच्या बापाला मी भंडाऱ्यावर शब्द दिलाय, एवढंच म्हणायचं होतं. साहेब हसले असते, कदाचित चिडले असते. माझी बदली झाली असती. त्यापलीकडे काही झालं नसतं.

मी म्हणालो, "बघा साहेब, तुम्ही म्हणाल तसं."

बाहेरच्या लोकांना हे कसं होतं ते सांगतो. उघडकीला न आलेले गुन्हे ठाण्याच्या मानगुटीवर बसलेले असतात. दर महिन्याच्या बैठकीत साहेबांना त्यांचा जाब द्यावा लागतो. अशा वेळी लांबचा, ओळखपाळख नसलेला, एका गुन्ह्यात आधीच सापडलेला माणूस हाताशी आला की ते गुन्हे त्याच्या अंगावर चढवण्याचा मोह होतो. सगळेच असं करतात असं मी म्हणत नाही. आम्ही केलं. आमच्या आवारात एक बेवारस मोटर गंजत पडली होती. ती मी माझ्या हातांनी जीपमध्ये टाकली, नदीकाठच्या झुडपात ठेवली, आणि मल्लाप्पाने ती काढून दिली असा पंचनामा झाला. त्या वेळी मल्लाप्पा माझ्या शेजारी उभा होता. आरडाओरडा त्याने केला नाही. फक्त एकदा म्हणाला, "हवालदार, अप्पाला सांगितलंस ते?"

मी त्याच्याकडे न बघता म्हणालो, "गप उभा राहा."

तो वर्षभराहून जास्त तुरुंगात होता. एका चोरीत जामीन झाला की दुसरीत वर्ग. जामीन झाला तरी जामीनदार इथला, जमीनजुमला असलेला लागायचा. परक्या ड्रायव्हरला कोण उभं राहणार? अप्पा दर तारखेला एसटीने यायचा. भंडाऱ्याची पिशवी कमरेला, भाकरी फडक्यात. मी त्याला लांबून बघितलं की मागच्या दाराने निघून जायचो. मल्लाप्पाचं लग्न ठरलेलं होतं. मुलीकडच्यांनी पाडव्यापर्यंत वाट पाहिली आणि मुलगी दुसरीकडे दिली. अपघात झालेल्या ड्रायव्हरला त्यांनी दिली असती, चोराला दिली नाही.

शेवटी जामीनदार मिळाला तो पारगावचे बबनराव. त्यांचीच मोटर चोरीला गेली होती, आणि तीच आम्ही जप्त केली असं कागदावर होतं. त्यांनी कोर्टात ती मोटर बघितली आणि सरळ सांगितलं, "ही माझी न्हाई. माझी तीन हॉर्सपॉवरची व्हती, ही पाचची हाय." सरकारी वकील म्हणाले, नीट बघा, पाण्यात पडून खराब झाली असेल. बबनराव म्हणाले, "साहेब, पाण्यात पडून मोटर वाढत न्हाई." मॅजिस्ट्रेटसुद्धा हसले. मी कोर्टाच्या दाराशी उभा होतो. मला हसू आलं नाही.

त्याच खटल्यात माझी साक्ष झाली. मल्लाप्पाची बाजू सरकारने दिलेल्या एका तरुण वकीलबाई मांडत होत्या. आधी पंचनाम्याचे प्रश्न झाले. मग त्यांनी कागद बाजूला ठेवला.

"आरोपीच्या गावी तुम्ही त्याच्या वडिलांसमोर भंडाऱ्यावर हात ठेवून शपथ घेतली होती का, की अपघाताशिवाय दुसरा कुठलाही गुन्हा लावणार नाही?"

शेवटच्या बाकावर अप्पा बसला होता. थोड्याच वेळापूर्वी मी त्याच कोर्टात खरं सांगेन अशी शपथ घेतली होती. हो म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न कुठला येणार ते मला कळत होतं. शपथ घेतली होती, मग मोडली का? कुणी मोडायला सांगितली? मोटर कुठून आली?

"नाही," मी म्हणालो.

"भंडाऱ्यावर हातच ठेवला नव्हता?"

"नाही. अशी काही शपथ झाली नाही."

साक्ष संपवून बाहेर आलो. त्या दिवशी मागच्या दाराने जायला जमलं नाही. अप्पा व्हरांड्यात उभा होता. मला वाटलं आता शिव्या देईल, तळतळाट देईल, भंडारा उधळून काहीतरी बोलेल. त्याची माझी तयारी होती. खरं सांगायचं तर मला ते हवंसुद्धा होतं.

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हवालदार, तुला पोरं किती?"

"दोन."

"मोठी आहेत?"

"कॉलेजात आहेत."

तो मान हलवून म्हणाला, "तू आत म्हणालास, शपथ झाली नाही. ऐक. मीबी घरी जाऊन मल्लय्याला तेच सांगतो. सांगतो, म्हाताऱ्याला भास झाला. हवालदाराने हात ठेवलाच नव्हता. शपथच झाली नाही म्हटल्यावर मोडली कशी? तुझ्या पोरांना काही होणार नाही. जा."

आणि तो एसटी स्टँडकडे चालू लागला.

मल्लाप्पा सगळ्या चोऱ्यांतून निर्दोष सुटला. अपघाताचा खटला चालला, त्यात त्याला दंड झाला. म्हणजे त्याच्या बापाने जेवढ्यासाठी त्याला दिलं होतं तेवढंच शेवटी कोर्टाने त्याच्या नावावर ठेवलं. मधलं वर्ष मात्र कुणी परत केलं नाही. साहेबांची बढती होऊन ते बदलून गेले. मला कुणी काही विचारलं नाही. माझी मुलं चांगली आहेत. थोरला नोकरीला लागला, मुलीचं लग्न झालं, नातू झाला. घरात एखादा आनंदाचा दिवस आला की मला तो व्हरांडा आठवतो. देवाचा कोप झाला असता तर निदान हिशेब पुरा झाला असं म्हणता आलं असतं. त्या म्हाताऱ्याने तीही सोय ठेवली नाही.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच वर्षी मी शेखला म्हणालो, चल, जाऊन येऊ. कुठे, असं त्याने विचारलं नाही. त्याच्याच गाडीतून गेलो. अप्पा त्याच कट्ट्यावर बसला होता. डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं, पण मला आवाजावरून ओळखलं. "हवालदार! ये. आज तरी कट्ट्यावर बस." सुनेला हाक मारून पाणी मागवलं. म्हणजे मल्लाप्पाचं पुढे लग्न झालं होतं. तो ट्रॅक्टर घेऊन बाहेरगावी गेला होता. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही असं जेवण झालं.

जेवल्यावर मी म्हणालो, "अप्पा, मला एक सांगायचं होतं."

"तिकडे पाऊस कसा आहे यंदा?" त्याने विचारलं.

"बरा आहे. अप्पा, ते कोर्टात मी..."

"धरण भरलं का तुमचं?"

तो मला बोलू देत नव्हता. देवाला एकदा सांगून टाकलेली गोष्ट त्याला पुन्हा उघडायची नव्हती, माझ्या मुलांसाठीच. हे मला कळलं. आणि कळलं म्हणून मी गप्प बसलो, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. त्याने विषयाचं दार लोटून घेतलं आणि मला हायसं वाटलं. मी धरणाबद्दल बोलू लागलो. निघताना त्याने ताटली मागवली, चाचपडत चिमटीत भंडारा घेतला आणि पावण्याला लावतात तसा माझ्या कपाळाला लावला. गावाबाहेर आल्यावर शेख एवढंच म्हणाला, "बोललात?" मी नाही म्हणून मान हलवली. तो म्हणाला, "परत येऊ."

परत जाणं झालं नाही. गेल्या चंपाषष्ठीनंतर मल्लाप्पाचा शेखला फोन आला. अप्पा गेला. हवालदारांना कळवा, असं अप्पाच सांगून गेला होता.

मल्लाप्पाशी बोलायचं आहे. त्याच्या गावी मी जाणार आहे आणि हा अंक त्याला वाचून दाखवणार आहे. ते माझं मी करीन. पण कट्ट्यावर बसून जे बोलायचं राहिलं ते बापाला होतं, आणि ते आता इथेच लिहितो. कोर्टात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही हेच आहे, आणि माझ्या पोराबाळांच्या देखत देतो आहे.

अप्पा, तुम्हाला भास झाला नव्हता. मी हात ठेवला होता.